माणशी अर्धा एकर पाणी: विलासराव साळुंखे यांचे स्मरण

(पूर्णा येथे मिशनच्या मदतगारांसमोर केलेले भाषण)

आपल्या सभेत आपण सहसा आपल्याच मिशनच्या सेवकांच्या आठवणी काढतो. डॉक्टर, शाळामास्तर, बायबल सांगणाऱ्या भगिनी, वसतिगृहाच्या आई. आज मी एका इंजिनियरची आठवण सांगणार आहे. ते आपल्या मंडळीचे नव्हते. आपल्या मराठवाड्याचेही नव्हते. त्यांची माझी भेट कधी झाली नाही. तरी पाण्याच्या कामात मी ज्यांना गुरू मानतो ते हेच, आणि शेजारी म्हणजे काय हे सांगायची वेळ आली की मला त्यांचेच नाव आठवते. ते म्हणजे पाणी पंचायतीचे विलासराव साळुंखे. एप्रिल 2002 मध्ये ते गेले. त्यांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि यंदा आपल्यासमोर जो निर्णय आहे त्यात त्यांची मला फार गरज भासते. म्हणून हे स्मरण.

विलासराव पुण्याचे कारखानदार. त्यांच्या कारखान्यात अचूक मोजमापाची उपकरणे तयार होत. केसाच्याही अंशाचा फरक ज्यात चालत नाही, असा हा धंदा. आपल्यापैकी बरेच जण रेल्वेतले आहेत. रुळाच्या गेजमध्ये थोडाही फरक पडला तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. मोजून मापून काम करायची सवय लागलेला माणूस पुढे पाण्याकडेही तसाच पाहू लागला, हे ध्यानात ठेवा.

1972 चा दुष्काळ आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. सुकडी, मिलोची भाकर, आणि खडी फोडण्याची कामे. मराठवाड्यात जे चालले होते तेच पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात चालले होते. पुरंदरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. विलासराव तिकडे गेले तेव्हा त्यांना दिसले की शेतकरी बायाबापडे उन्हात बसून दगड फोडत आहेत. मजुरी मिळत होती, पोट कसेबसे भरत होते. पण त्या फोडलेल्या खडीमुळे पुढच्या वर्षी त्यांच्या शेतात पाण्याचा एक थेंबही अधिक येणार नव्हता. दुष्काळ पुन्हा आला की पुन्हा तीच खडी.

पुण्याला परत येऊन मदतनिधीला धनादेश पाठवता आला असता. तेही चांगलेच काम झाले असते. विलासरावांनी वेगळे केले. 1974 साली पुरंदरमधल्या नायगावच्या देवस्थानची 16 हेक्टर, म्हणजे 40 एकर, पडीक उताराची जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह ते तिथे राहायला गेले. उतारावर आडवे बांध घातले. वाहून जाणारे पाणी अडवून खाली पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर घेतली. तलावात अडलेले पाणी जमिनीत मुरून त्या विहिरीत यायचे, तेच उपसून वरच्या शेताला द्यायचे. वरच्या निकृष्ट भागात झाडे आणि गवत. ज्या जमिनीकडे गावाने पाठ फिरवली होती ती पिकू लागली. तितकाच पाऊस, तितकीच जमीन. बदलली ती पाणी थांबवण्याची रीत.

इथवरची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, आणि अशी कामे महाराष्ट्रात पुढे पुष्कळ झाली. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी आपल्या गावात पाणलोटाचे काम उभे करताना विलासरावांचेच काम पाहून धडा घेतला होता. पण मला विलासरावांची आठवण येते ती पुढच्या गोष्टीसाठी.

पाणी अडले, विहिरीला पाणी आले. आता ते कोणाचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. ज्याच्या शेतात विहीर, त्याचे पाणी. ज्याची जमीन मोठी, त्याचा वाटा मोठा. आणि ज्याला जमीनच नाही, त्याने पाण्याचे नाव काढू नये. पुरंदरमध्येही हेच होते. पाझर तलाव सगळ्यांच्या घामातून, रोजगार हमीच्या कामातून व्हायचा आणि पाणी जायचे खालच्या दोन-चार विहिरवाल्यांकडे.

विलासरावांनी आणि त्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानने पाणी पंचायतीचे जे नियम केले ते इतके साधे आहेत की रविवार शाळेतल्या मुलालाही पाठ व्हावेत.

पहिला नियम: पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. घरात पाच माणसे असतील तर अडीच एकर. तुमच्याकडे वीस एकर असोत की तीन एकर, पाणी अडीच एकरांचेच.

दुसरा नियम: भूमिहीन कुटुंबालाही वाटा. त्याने ते पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने पीक घेऊन वापरावे.

तिसरा नियम: पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही.

चौथा नियम: ऊस नाही. बारमाही पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही.

पाचवा नियम: योजना गटाची, आणि गटाने खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे 20 टक्के, स्वतः घालायचा. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी. कोणाची पाळी कधी, हे तो ठरल्याप्रमाणे पाहील.

उसाच्या नियमावर इथे काही जण मनातल्या मनात हसले असतील. आपण पूर्णेकाठची माणसे. वर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे, आणि कालव्याच्या पाण्याने आपल्या आणि वसमतच्या भागातले शिवार हिरवे झाले, यात शंका नाही. पण टेलच्या शेतकऱ्याला विचारा. पाटाच्या तोंडाशी ऊस उभा राहिला की शेपटाला पाळी येईपर्यंत पाट कोरडा पडतो. ऊस लावणारा शेजारी दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्याला कोणी मोजून दिलेले नसते, म्हणून तो घेतो. विलासरावांचे म्हणणे सरळ हिशेबाचे होते. एक एकर ऊस वर्षभर जेवढे पाणी पितो तेवढ्यात कितीतरी एकर ज्वारी, हरभरा, गहू निघतो. एकाच्या घरी गोडवा यायचा की दहा घरी भाकर यायची, हे पाटाच्या दारावर ठरते.

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळतो, कारण तो आपल्या तरुणांना माहीत नाही.

आज भारतातल्या कोणत्याही खेड्यात जा, लोखंडी दांड्याचा हातपंप दिसेल. इंडिया मार्क टू म्हणतात त्याला. पूर्वीचे बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी केलेले असत. खेड्यात त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो हात पडत आणि ते मोडत. या अडचणीवर तोड काढायला जी माणसे बसली त्यांत आपल्या जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या विहिरींच्या कामातली माणसे होती. त्यांच्या कारखान्यांतून पोलादी, दणकट पंप निघाले. सोलापूर पंपाचा नमुना घेऊनच पुढे 1970 च्या दशकात युनिसेफ आणि सरकारने इंडिया मार्क टू तयार केला, कोइमतूरकडे त्याची चाचणी घेतली आणि तो देशभर आणि देशाबाहेरही गेला. म्हणजे आपल्या मिशनमधल्या मिस्त्री आणि इंजिनियर मंडळींनी एक मोठा प्रश्न सोडवला. खडकातून पाणी वर कसे आणायचे आणि ते येतच कसे राहायचे, हा तो प्रश्न. याचा आपल्याला रास्त अभिमान असावा.

पण वर आलेल्या पाण्याची वाटणी कशी व्हावी, हे पंपाला सांगता येत नाही. तो उरलेला अर्धा प्रश्न विलासरावांनी हाती घेतला. मी त्यांना इंजिनियर म्हणतो ते पाझर तलावापेक्षाही या नियमांमुळे. तलाव बांधायला सिमेंट, दगड, मजुरी लागते. नियम बांधायला धीर लागतो. वीस एकरवाल्याच्या ओट्यावर बसून त्याला सांगायचे की तुमचा वाटा तुमच्या सालगड्याच्या वाट्याइतकाच आहे. हे बोलणे किती अवघड, ते खेड्यात राहिलेल्यालाच कळेल.

बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला हा नियम नवा वाटू नये. निर्गमाचा सोळावा अध्याय उघडा. रानात मान्ना पडला तेव्हा तो कसा वाटला गेला? ज्याचा तंबू मोठा त्याला जास्त, असे झाले नाही. ज्याची मेंढरे जास्त त्याला जास्त, असेही नाही. माणशी एक ओमर. तंबूत जितकी डोकी तितके ओमर. कोणी अधिक गोळा केले, कोणी कमी, पण मापून पाहिल्यावर कोणाला उरले नाही आणि कोणाला कमी पडले नाही. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवले त्यांच्या भांड्यात किडे पडले. मला वाटते, देवाच्या लोकांना रानात दिलेला पाणीपुरवठ्याचा आणि अन्नपुरवठ्याचा पहिला नियमच हा होता: मोजा, आणि मोजताना माणसे मोजा.

आणि उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय. इसहाकाच्या चाकरांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी भांडण केले. दुसरी खणली, पुन्हा भांडण. त्या विहिरींना नावे पडली तीही भांडणाची आणि वैराची. तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही, तेव्हा तिचे नाव रहोबोथ ठेवले, म्हणजे सगळ्यांना मोकळी जागा. माझ्या उभ्या आयुष्यात मी एसेक पुष्कळ पाहिल्या. रहोबोथ फार थोड्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या मिशनच्या कार्यकर्त्यांबरोबर मी गेल्या हिवाळ्यात किनवट तालुक्यात गेलो होतो. पूर्णेहून नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत गाडी किनवटला पोहोचते. तिथून पुढे जीप, आणि शेवटी पायवाट. कोलाम समाजाचे पोड आहे. कोलाम म्हणजे सरकारने अतिदुर्बल मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक. माडिया गोंड आणि कातकरी या दुसऱ्या दोन. पोडाच्या आजूबाजूला गोंड आणि आंध समाजाची वस्ती, आणि थोड्या अंतरावर इतरांची मोठी शेते. किनवटचा पाऊस पुरंदरच्या दुपटीच्या आसपास आहे. पण जमीन उताराची, माती पातळ. पावसाळ्यात नाले भरून वाहतात आणि होळीपर्यंत बाया हंडे घेऊन नाल्याच्या वाळूत झिरे उकरत असतात. मग पोडातली तरुण जोडपी मजुरीला परमुलखात जातात, आणि लेकरांची शाळा सुटते. आपण वसतिगृहासाठी अर्पण देतो ते याच लेकरांसाठी. ती शाळेत का टिकत नाहीत याचे निम्मे उत्तर त्या वाळूत आहे.

कापणीच्या सणाच्या अर्पणातून या पोडाजवळ एक लहान बंधारा आणि त्याखाली विहीर करावी, असा विचार चालू आहे, हे आपणास ठाऊक आहे. जागाही सुचवली गेली आहे. पोडाला लागून ज्यांचे मोठे शेत आहे त्या गृहस्थांनी विहिरीला जागा देऊ केली आहे. माणूस चांगला आहे, त्यांच्या मनात खोट आहे असे मी म्हणत नाही. सगळे खूश होते.

एक म्हातारी बाई तेवढी खूश नव्हती. सगळे उठल्यावर ती कार्यकर्त्याच्या जवळ येऊन एवढेच विचारती झाली, “विहीर कोणाच्या वावरात पडणार, बाप्पा?”

जागा सांगितली. ती काही बोलली नाही. हंडा उचलून गेली.

तिच्या त्या प्रश्नात पाणी पंचायतीचा सगळा अभ्यासक्रम आहे. विहीर ज्याच्या गटात खणली जाते तिची नोंद त्याच्याच सात-बाऱ्यावर होते. आज मालक पाणी भरू देईल. उद्या त्याचा मुलगा देईल का? परवा जमीन विकली तर घेणारा देईल का? अर्पण आपले, घाम पोडाचा, आणि विहीर तिसऱ्याची. विलासरावांनी पुरंदरच्या पाझर तलावांखाली जे पाहिले तेच आपण आपल्या हाताने, प्रार्थना करून, नारळाऐवजी स्तोत्र गाऊन, करून बसू.

म्हणून माझी मंडळीला आणि मिशनच्या समितीला नम्र विनंती आहे. पैसा देण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या.

एक. जागा सामाईक असावी. गायरान असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाने. वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे. त्या कायद्यात गावाच्या सोयीसाठी, विहिरी-तलावासारख्या लहान कामांना ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन मिळण्याची तरतूद आहे. आणि खाजगी जागाच घ्यावी लागली तर नोंदणी केलेले बक्षीसपत्र हवे, तोंडचा शब्द पुरेसा नाही. देणाऱ्या गृहस्थांचे मन खरेच मोठे असेल तर ते सही करतील, आणि मग त्यांचा सत्कार मी स्वतः करीन.

दोन. वाटा माणशी. पोडातल्या प्रत्येक घराची डोकी मोजायची, ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांची आणि ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही त्यांचीही. विहिरीत अर्धा एकर माणशी पुरेल इतके पाणी नसेल, तर पाव एकर धरू. आकडा कमी झाला तरी चालेल, मोजण्याची रीत बदलू नये. आधी पिण्याचे पाणी, मग परसातला भाजीपाला, मग शेत.

तीन. पोडाचाही हिस्सा हवा. काही जणांना हे कठोर वाटेल. इतक्या गरिबांकडून काय घ्यायचे? पण विलासरावांनी गरिबांकडून 20 टक्के घेतले त्यामागे कारण होते. ज्याने हिस्सा घातला तो बैठकीत बोलतो. ज्याने काही घातले नाही त्याला “तू गप्प बस” म्हणणे सोपे जाते. पोडाकडे रोकड नसेल तर श्रमाने घालू द्या. हजेरी लिहून ठेवा आणि त्या श्रमाची किंमत त्यांच्या नावे वहीत मांडा.

चार. पाटकरी पोडानेच नेमावा, आणि तो बाई असेल तर उत्तम. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, या पाणी पंचायती तरी सगळ्या टिकल्या का? नाही, सगळ्या टिकल्या नाहीत. वीजबिल थकते, झरा आटतो, गटात फूट पडते. पुरंदर काही स्वर्ग नाही. शासनांनी पुढे ‘पाणी पंचायत’ हे नावही उचलले. ओडिशाने तर 2002 सालीच त्या नावाचा कायदा केला. पण भूमिहीनाला वाटा द्यायचा हा जो त्यातला कठीण भाग, तो नावाबरोबर फारसा प्रवास करत नाही. नाव घेणे सोपे असते, हे आपल्या ख्रिस्ती लोकांना वेगळे सांगायला नको. तरी ज्या गावांत ते नियम काही वर्षे का होईना पाळले गेले, तिथल्या भूमिहीनाने एकदा तरी गटाच्या बैठकीत आपल्या पाळीचे पाणी हक्काने मागितले. ते झाले होते, म्हणजे होऊ शकते. इंजिनियरला एवढा पुरावा पुरतो. एक नमुना चालला की बाकीचे काम दुरुस्तीचे उरते.

शेवटी शेजाऱ्याविषयी. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूला विचारले गेले की माझा शेजारी कोण, आणि प्रभूने एका शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तो त्या वाटेचा नव्हता, त्या जातीचा नव्हता, त्या मंदिराचा नव्हता. तो थांबला, खाली उतरला, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचाही हिशेब करून गेला. या शेवटच्या गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्याची दया त्या एका दिवसापुरती नव्हती, उद्याची तजवीजही तिच्यात होती.

विलासराव साळुंखे आपल्या मंडळीत कधी बसले नाहीत. पण कारखान्यातून खाली उतरून ते नायगावच्या माळावर राहायला गेले, आणि आपण नसताना त्या माणसांचे काय होईल याचा हिशेब लिहून ठेवून गेले. अशा माणसासाठी देवाचे उपकार मानायला आपल्याला कोणाची परवानगी लागू नये. कल्पनाताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या माघारी ते काम धरून ठेवले, त्यांच्यासाठीही आपण प्रार्थना करू.

आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आपला कार्यकर्ता किनवटच्या गाडीत बसेल. त्याच्या पिशवीत कोणते कागद असतील, ते आपण ठरवायचे आहे. प्रभू आपल्याला ते ठरवण्याची बुद्धी आणि धीर देवो.